मांजराला तापाची गोळी देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात भटक्या कुत्र्यांवर पत्रं येतात, बिबट्यावर येतात, माकडांनी नारळ-पोफळीची केलेली नासधूस तर दर हंगामात वाचायला मिळते. घरात पाळलेल्या कुत्र्यामांजरांबद्दल मात्र कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. देवगड तालुक्यातल्या एका बंदराच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. मी पशुवैद्य नाही. पण जनावरांचा दवाखाना लांब आणि माझं दुकान एसटी थांब्यासमोर, म्हणून घरच्या जनावराला काही झालं की माणसं आधी माझ्याकडे येतात. कोणत्या महिन्यात कोण काय मागायला येणार हे आता मला ठाऊक झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं आधी टाळता आलं असतं, म्हणून हे पत्र.

"मांजराक ताप इलोहा, अर्धी गोळी दी गे बाय." पावसाळ्यात हे मागणं हमखास असतं. मागणाऱ्याच्या मनात माया असते म्हणूनच तो पावसातून चालत आलेला असतो. पॅरासिटामॉल तान्ह्या मुलालाही देतात, मग मांजराला काय होणार, असा त्याचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे. आपलं यकृत ही गोळी ज्या रीतीने निकामी करून शरीराबाहेर टाकतं, ती सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. गोळीचं विष रक्तात साठतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. हिरड्या गुलाबीच्या तपकिरी-करड्या होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. 500 मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे 250 मिलिग्रॅम. तीन-साडेतीन किलोच्या मांजराचा जीव जायला तेवढी पुरते. चुकून गेलीच असेल तर वाट बघत बसू नये. त्यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा आणि पहिल्या काही तासांतच.

कुत्र्यांच्या बाबतीत मागणी असते ती दुखण्याच्या गोळीची. म्हातारा कुत्रा लंगडायला लागला की आपली सांधेदुखीची गोळी त्याला भाकरीत घालून देतात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, दोन्हींनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, काळी शी होते, रक्ताची उलटी होते, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅकचा विषय निघालाच आहे तर सांगते, जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर सरकारने 2006 साली बंदी आणली ती गिधाडांसाठी. औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंडं बंद पडून मरत होती. नंतर 2015मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची मोठी बाटलीही बंद झाली, कारण तीच गुरांना टोचली जात होती. आकाशातल्या पक्ष्यासाठी एवढा विचार झाला. आपल्या पडवीत झोपणाऱ्या कुत्र्यासाठी निदान गोळी देण्याआधी एक फोन व्हायला हरकत नाही.

तिसरी वस्तू खरजेचं मलम. मांजराचे केस गेले, कान खाजवून रक्त आलं, की घरात कुणासाठी तरी आणलेलं परमेथ्रिनचं मलम चोळतात. मांजर ते चाटतं, आणि काही तासांत थरथरायला लागतं, झटके येतात. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांतही हेच असतं. "कुत्र्याचं उरलंय, मांजराला दोन थेंब टाकते" असं माझ्यासमोर म्हणणाऱ्या बाईंच्या हातातून मी ती नळी काढून घेतली आहे. त्यांना वाईट वाटलं असेल, पण मांजर वाचलं.

इथे आंब्याची गोष्ट ओघाने येते. ज्या कुळातलं हे मलम, त्याच कुळातली औषधं आमच्याकडे तुडतुड्यांसाठी मोहोरावर मारतात. डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही नावं बागायतदारांच्या घरात पोराबाळांनाही पाठ असतात. थंडी सुरू झाली की पंप फिरायला लागतात ते थेट फळ धरेपर्यंत. फवारणी करणारा गडी तोंडाला फडकं बांधतो, आंघोळ केल्याशिवाय जेवत नाही. मांजर त्याच झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यावरून चालत येतं, चुलीपाशी बसतं आणि पंजे चाटून साफ करतं. त्याची आंघोळ म्हणजे चाटणंच. म्हणून फवारणीच्या दिवशी पाचोळा सुकेपर्यंत मांजर घरात कोंडून ठेवावं. औषध कालवलेल्या पिंपावर झाकण हवं, पंप धुतलेलं पाणी अंगणाच्या उतारावर ओतू नये. अंगावर औषध पडलंच तर कोमट पाण्याने साध्या साबणाने धुवावं, पुसून कोरडं करावं आणि डॉक्टरांना फोन करावा. दूध पाजून विष उतरत नाही. बागायतदारांना एक विनंती आहे: मजुराला फवारणीची तारीख सांगताना शेजाऱ्यालाही सांगा. शेजाऱ्याचं मांजर तुमच्या बागेची हद्द ओळखत नाही.

उंदरांच्या औषधाचंही तसंच. भाताच्या कणग्यांपाशी आणि माडांच्या बुंध्याशी झिंक फॉस्फाईडचं पीठ ठेवतात. ते कुत्र्याने खाल्लं तरी मरतो आणि मेलेला उंदीर खाऊनही आजारी पडतो. मेलेले उंदीर उचलून खोल पुरायला हवेत, ते गडग्यापलीकडे फेकून द्यायची सवय फार वाईट.

पावसाळ्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण आमच्याकडचा पावसाळा जनावराला सगळ्यात जड जातो. चार महिने घरात काहीच सुकत नाही. कुत्र्याखालचं गोणपाट सकाळी उचललं तर खालची जमीन ओली असते. त्याच ओलीवर तो झोपतो आणि श्रावणापर्यंत पोटाखालची कातडी लाल होते, कानातून आंबूस वास येतो. आमचा तांबू लाकडी पाटावर झोपतो. जमिनीपासून चार बोटं उंच एवढाच तो पाट आहे, त्यावर जुनी सुती चादर, आणि दोन चादरी आळीपाळीने चुलीवरच्या दोरीवर वाळतात. बाहेरून आला की पाय पुसायचे, आणि पुसताना बोटांच्या बेचक्यात बघायचं. गोचीड तिथेच असते, नाहीतर कानाच्या आत, नाहीतर पट्ट्याखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढली की निघते. रॉकेल, तंबाखू, चुना काही लावायची गरज नाही, आणि ती नखाने चिरडू नये. गोचिडापासून येणारा ताप कुत्र्याला आतून खातो. तो जेवत नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तोवर घरातले म्हणत असतात, पावसामुळे कंटाळलाय.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. शेतात उतरणाऱ्याला काळजी घ्यायला सांगतात, गोळ्या देतात. पण उंदराच्या मुताने बाटलेलं डबक्यातलं पाणी कुत्राही पितो आणि त्यालाही लेप्टो होतो, त्याच्या लघवीतून तो घरातल्यांनाही होऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, लाल-काळी लघवी. कुत्र्यांच्या एकत्रित लशीत लेप्टोचा भाग असतो आणि तो दरवर्षी घ्यावा लागतो. ही लस मे महिन्यात दिली तर मिरगाच्या आधी अंगात ताकद तयार होते. ऑगस्टमध्ये डोळे पिवळे झाल्यावर विचारायला येतात, तेव्हा लशीची वेळ गेलेली असते.

जखम उघडी ठेवू नका. पावसाळ्यात माशी बसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात किडे पडतात, आणि ते केसांखाली असल्याने वासावरूनच कळतं. मांजराच्या मारामारीतली जखम बाहेरून तिळाएवढी असते आणि आत पू भरलेला असतो.

साप हा विषय मोठा आहे, पण थोडक्यात सांगते. आमच्या कातळावर आणि चिऱ्यांच्या राशीत फुरसं असतं. कुत्रा हुंगायला जातो म्हणून त्याला चावा बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायावर बसतो. भराभर सूज येते. तिथे ब्लेड लावू नये, दोरीने आवळू नये, मंत्र घालण्यात तास घालवू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष असतं आणि जनावरालाही तेच लागतं, पण ते पशुवैद्याच्या हातूनच द्यायचं. निघण्याआधी फोन करून ते कुठे मिळेल ते विचारा, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला हिंडत बसायला नको. पडवीच्या कडेची लाकडं आणि चिरे जेवढे घरापासून लांब तेवढं बरं.

बंदरावरच्या मांजरांना मासळीची चंगळ असते असं सगळ्यांना वाटतं. त्यांच्या तोंडात गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, अडकते ते कुणी बघत नाही. तोंडातून नायलॉनचा दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, गरी घशात किंवा आतड्यात असेल तर ओढल्याने फाटतं. दोरा बाहेर तसाच ठेवून डॉक्टरकडे न्या. रापणीच्या जाळ्यात आलेले केंड मासे वाळूत टाकून देतात, ते विषारी असतात, कुत्र्याला त्यांच्याजवळ जाऊ देऊ नये. रापणकऱ्यांनी ते खड्डा करून पुरले तर फार उपकार होतील.

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे कुत्र्यामांजराचं जेवण म्हणजे उरलेलं सार आणि भात. सारात कांदा-लसणाचं वाटण असतं. कांद्याने कुत्र्याच्या आणि मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेला कांदा असला तरी. एकदा खाल्ल्याने लगेच काही दिसत नाही, म्हणून लोकांना पटत नाही. मासे वाटणात घालण्याआधी दोन तुकडे नुसत्या पाण्यात उकडून काटे काढून बाजूला ठेवायचे. यात स्वयंपाकघरातला किती वेळ जातो? कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नयेत, ती टोकदार फुटतात. मे महिन्यात आंब्याचे बाठे अंगणात टाकतात आणि कुत्रा अख्खा बाठा गिळतो. तो आतड्यात अडकला की उलट्या थांबत नाहीत आणि ऑपरेशनला कोल्हापूर गाठावं लागतं. फणसाचा चीक मांजराच्या पंजाला लागला तर कातरीने केस कापत बसू नका. आमच्या चिंगीला दर उन्हाळ्यात लागतो. खोबरेल बोटाला घेऊन एकेका बोटाच्या बेचक्यात हळूहळू चोळायचं, चीक सैल होऊन तेलात येतो, मग सुती फडक्याने पुसायचं. ती गुरगुरते, पण पंजा मागे घेत नाही. चिकावर रॉकेल कधीही नको.

आता गणपती. हा सण माझ्या जिवाभावाचा, आणि घरच्या जनावरासाठी वर्षातला सगळ्यात अवघड. दारं दिवसभर उघडी, माणसांची ये-जा, आगमनाला फटाके, रात्री भजन-फुगड्या. घाबरलेला कुत्रा सुटतो तो रस्त्यावर जातो. त्याला आगमनाआधी पोटभर फिरवून आणून माजघराच्या आतल्या खोलीत ठेवावं, पंखा लावावा, त्याची नेहमीची चादर आणि घरातलं एखादं माणूस अधूनमधून जवळ असावं. दिवाळीतही हेच. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली होती. ती पाळली तर निदान कधी दारं लावायची ते तरी कळेल. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा ढोल अगदी उंबऱ्याशी वाजतात, त्या तेवढ्या वेळापुरतं कुत्र्यामांजराला परसातल्या खोलीत न्यावं. आणि प्रसादाबद्दल: पंचखाद्यात आणि मोदकाच्या सारणात बेदाणे असतात. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि चॉकलेटचे मोदकही त्याला विषारीच. मुलं प्रेमाने भरवतात, त्यांना आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

चाकरमान्यांशी मला मनापासून बोलायचं आहे. तुम्ही येता म्हणून गाव भरतं, माझं दुकानही भरतं. तुमच्याबरोबर आता कुत्रीही येतात. मे महिन्यात येताना ती बंद गाडीत बसलेली असतात आणि तुम्ही महामार्गावर चहाला उतरता. उन्हातल्या बंद गाडीत काही मिनिटांत भट्टी होते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर सोडतो, आणि आमच्या दमट हवेत धापांचा उपयोग कमी होतो. दाट केसांचे हस्की आणि चपट्या नाकाचे पग यांचे तर फार हाल होतात. जीभ गडद लाल, लाळ गळतेय, पाय लटपटतायत असं दिसलं तर पोटावर, मांड्यांत, पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि निघा. बर्फाचं पाणी नको. भर दुपारी कातळावर किंवा वाळूत त्याला चालवू नका. आधी आपला हात तिथे टेकवून बघा. समुद्रात पोहल्यावर गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका, आणि जवळ प्यायचं पाणी ठेवा, नाहीतर तो खारं पितो आणि रात्रभर ओकतो.

आणि एक, जे लिहिताना माझा हात जड होतो. सुटी संपली की काही जण कुत्रा गावात ठेवून जातात. "गावाला मोकळा राहील, तिथे फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात." म्हातारे आई-वडील, ज्यांना स्वतःची गोळी वेळेवर घेणं होत नाही, त्यांच्या गळ्यात तीस किलोचा लॅब्रॅडॉर. तो आठ दिवस दर गाडीच्या आवाजाला गडग्यापर्यंत धावतो. मग धावायचं सोडतो, मग खायचं सोडतो. मोकळेपण त्याने मागितलेलं नसतं, त्याला माणूस हवं असतं. काहींना तर वाडीबाहेर सोडून दिलेलंही मी पाहिलं आहे. उपाशी-तहानेला राहील अशा परिस्थितीत जनावर टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मांजराची पिल्लं गोणीत घालून रात्रीची बंदरावर सोडणाऱ्या आमच्या गाववाल्यांनाही तोच कायदा लागू आहे. पिल्लं नको असतील तर मादीची शस्त्रक्रिया करून घ्या. मांजरी पाचव्या-सहाव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. वर्षाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

थंडीत बिबट्या वाडीत उतरतो. "वाघान कुत्रो व्हेलो" ही बातमी आमच्याकडे सकाळच्या दुधाबरोबर येते. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा त्याच्यासमोर वाढून ठेवल्यासारखा असतो, त्याला पळताही येत नाही. दिवेलागणीला कुत्रा आत घ्यावा आणि दाराची कडी लावावी. रात्री मोकळा सोडला तर तो डुकरांसाठी लावलेल्या फासकीत सापडतो, नाहीतर गावठी बॉम्बने तोंड फुटतं. राखणीसाठीच कुत्रा पाळलाय म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, आतून भुंकलेलंही चोराला ऐकू येतं. आणि विहिरींना कठडे बांधा. कुत्री-मांजरं पडतात, बिबटेही पडतात, उद्या मूल पडेल.

पिंजऱ्यातल्या पोपटाचं औषध विचारायला कुणी आलं तर मी एवढंच सांगते की आपल्याकडचा पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जखमी किंवा पंख कापलेला असेल तर वनखात्याला कळवा, नुसता उडवून देऊ नका, कावळे मारतात.

एवढं सगळं जपूनही जनावर आनंदी नसेल तर उपयोग नाही. आमच्याकडे कुत्र्याशी बोलण्याची रीत नाही, हाकलण्याची आहे. तांबूला मी दुकान बंद केल्यावर खाडीच्या कडेने फिरवते. तो प्रत्येक होडीच्या नांगरापाशी थांबून वास घेतो आणि मी थांबते. ते फिरणं त्याचं असतं, माझ्या व्यायामासाठी नसतं. पावसाने फिरणं चुकलं की त्या दिवशी तो चपला फोडतो. मग नारळाचं सोडण द्यावं, पण समोर बसून, कारण काथ्या गिळला तर पोटात गोळा होतो. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि मग तो चावला म्हणून त्यालाच मारतात.

चावण्यावरून रेबीज. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची, आणि त्यानंतर दरवर्षी. मांजरालाही. घरचंच आहे म्हणून चावा-ओरखडा अंगावर काढू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवावं, हळद-चुना-तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मग औषध नाही. मी औषधं विकते, माझ्याकडे हजारो डबे आहेत, त्यात यावर एकही नाही.

पण लस म्हणजे नुसतं बाटलीतलं पाणी नव्हे. ती 2 ते 8 अंशांत राहिली तरच लस. लोक ती शहरातून आणतात, सदऱ्याच्या खिशात घालून, मे महिन्याच्या उन्हात एसटीने, आणि गावात कुणाकडून तरी टोचून घेतात. कार्डावर शिक्का बसतो आणि घर निर्धास्त होतं. ती लस वाटेतच मेलेली असते. आमच्याकडे वादळी पावसात वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हाही हाच प्रश्न. लस घेताना ती बर्फाच्या डब्यातून निघाली का, हे विचारायला लाजू नका.

तालुक्याच्या पंचायत समितीला आणि पशुसंवर्धन खात्याला माझी मागणी मोठी नाही. श्रेणी 1च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, पण त्यांच्यामागे गाईगुरांचं काम एवढं असतं की कुत्र्यामांजरांना पाळी येत नाही. जनावरांच्या आजारपणासाठीचा 1962 हा सरकारी मदतीचा फोन क्रमांक मी काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावला आहे, पण लस फोनवर टोचता येत नाही. आमच्यासारख्या बंदराच्या गावात, बाजाराच्या दिवशी, महिन्यातून एकदा कुत्र्यामांजरांसाठी डॉक्टर बसावेत. 6 जुलैला प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचा दिवस आणि 28 सप्टेंबरला रेबीज दिन असतो, तेव्हा तालुक्याच्या गावी लसीकरण होतं, पण जुलैच्या पावसात तिथवर कुत्रा नेणार कसा? एसटीत घेत नाहीत, रिक्षावाला तयार होत नाही. मिरगाआधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, एक फेरी गावागावांत व्हावी. ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या वहीसारखी पाळीव जनावरांची एक वही ठेवावी, म्हणजे लस कुणाची राहिली ते कळेल. माझ्या औषध दुकानदार बंधू-भगिनींनीही चिठ्ठीशिवाय जनावरासाठी गोळी देऊ नये. गिऱ्हाईक रागावेल, शेजारच्या दुकानात जाईल, म्हणूनच हे सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं.

खात्याने आमच्या गावासाठी दिवस ठरवला तर लशी ठेवायला माझ्या दुकानातला फ्रिज इन्व्हर्टरसकट त्या दिवशी मोकळा करून देते, आणि समोरच्या पडवीत टेबल-खुर्च्या मांडून ठेवते. तारीख चार दिवस आधी कळवली तर वाडीवाडीत निरोप पोचवायचं कामही मी करीन.

आपली नम्र,
एक औषध विक्रेती
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग